हायड्रोजन : कुठला आणि कुठून?

एखाद्या आठवड्याची वर्तमानपत्रे चाळली, तर हायड्रोजन हा शब्द निरनिराळ्या पानांवर भेटतो. पहिल्या पानावर हरित हायड्रोजनच्या प्रकल्पाची घोषणा असते, परदेशी बातम्यांत हायड्रोजन बॉम्बची धमकी, आरोग्य पुरवणीत हायड्रोजनीकृत तेलाविषयीचा इशारा आणि विज्ञानाच्या सदरात दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनकडून आलेल्या रेडिओ लहरी. घरातल्या प्रथमोपचाराच्या डब्यात हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली असते. शेतकऱ्याच्या हातातल्या माती परीक्षणाच्या अहवालात तर तो ‘सामू’ या नावाआड बसलेला असतो. आपल्या मनात मात्र चित्र एकच उमटते : शाळेची प्रयोगशाळा, परीक्षानळीत जस्ताचे तुकडे, वरून सौम्य आम्ल आणि जळती काडी तोंडाशी नेताच होणारा ‘पॉप’ असा आवाज. हे चित्र खरे असले, तरी वरच्या यादीतल्या पहिल्या बातमीपुरतेच लागू पडते. डालड्याच्या डब्यात तो वायू नसतो, पेरॉक्साइडच्या बाटलीत नसतो आणि हायड्रोजन बॉम्बमध्ये साधा हायड्रोजन जवळपास नसतोच.

या पुस्तकाची गरज इथून सुरू होते. हायड्रोजन हे मूलद्रव्य समजायला सर्वांत सोपे मानले जाते : एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, आवर्त सारणीतला पहिला चौकोन. पण पृथ्वीवर तो मोकळा क्वचितच राहतो. पाण्यात तो ऑक्सिजनबरोबर असतो, पेट्रोलमध्ये कार्बनबरोबर, अमोनियात नायट्रोजनबरोबर. सोबती बदलला की त्याचे गुण बदलतात, धोका बदलतो आणि किंमतही बदलते. म्हणून हा शब्द कानावर पडताच दोन प्रश्न विचारावेत, असे माझे म्हणणे आहे. पहिला, कुठला हायड्रोजन? दुसरा, तो कुठून आणला? पुढची सगळी प्रकरणे या दोन प्रश्नांभोवती बांधलेली आहेत.

नावापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण पहिला गोंधळ तिथेच झाला. लोखंडाचा कीस आम्लात टाकला की जळणारा वायू निघतो, हे रॉबर्ट बॉइलने १६७१ मध्ये नोंदवून ठेवले होते. त्या वायूचा नीट अभ्यास लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने केला. त्याने १७६६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधांत त्याला ‘ज्वालाग्राही हवा’ म्हटले. कॅव्हेंडिशची मोजमापे अचूक होती, अर्थ मात्र जुन्या कल्पनेतून लावलेला होता. हा वायू आम्लातून येतो, हे त्याला मान्य नव्हते. जळण्याचे जे तत्त्व धातूत दडलेले असते तेच बाहेर पडते, असे तो मानत होता. म्हणजे ‘कुठून आला?’ या प्रश्नाचे चुकीचे उत्तर हायड्रोजनच्या पहिल्या अभ्यासकानेच दिले होते.

बरोबर उत्तर पॅरिसला मिळाले. अंतवान लाव्हाझ्येने १७८३ मध्ये हा वायू ऑक्सिजनबरोबर जाळून पाणी मिळवले. नंतर उलट बाजूने, लालबुंद तापलेल्या लोखंडी नळीतून वाफ सोडून पाण्याचे विघटनही करून दाखवले. हजारो वर्षे मूलतत्त्व मानले गेलेले पाणी संयुग ठरले. १७८७ मध्ये लाव्हाझ्ये आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राची नवी परिभाषा प्रसिद्ध केली, तेव्हा या वायूला ग्रीक शब्दांवरून ‘पाणी उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे नाव मिळाले. त्याच परिभाषेत ऑक्सिजनला ‘आम्ल उत्पन्न करणारा’ म्हटले गेले, कारण प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच अशी लाव्हाझ्येची खात्री होती. पुढे १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने दाखवून दिले, की मिठापासून बनणाऱ्या तीव्र आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नसतो. त्यात असतात फक्त क्लोरीन आणि हायड्रोजन. आम्लपणा येतो तो हायड्रोजनमुळे. म्हणजे ऑक्सिजनला दिलेली पदवी खरे तर हायड्रोजनची होती. तोवर नावे रुळली होती आणि ती आजतागायत तशीच चालली आहेत.

इतर भाषांनी ही नावे आपापल्या शब्दांत उचलली. जर्मनमध्ये हायड्रोजन म्हणजे ‘जलद्रव्य’ आणि ऑक्सिजन म्हणजे ‘आम्लद्रव्य’. जपानीतही तीच जोडी आहे, म्हणजे लाव्हाझ्येच्या चुकीसकट. मराठीने ऑक्सिजनसाठी प्राणवायू हा शब्द घेतला. तो त्या वायूच्या कामावर बेतलेला असल्यामुळे ही चूक आपल्याकडे आपोआप टळली. हायड्रोजनसाठी उद्‌जन हा शब्द घडवला गेला. ‘उद’ म्हणजे पाणी, म्हणजे ग्रीक नावाची नेमकी छाया. पण प्राणवायू बोलण्यात उतरला, नत्रवायू शेतीच्या पुस्तकांत टिकला आणि उद्‌जन कोशात राहिला. कारण उघड आहे. प्राणवायूशी रोजचा संबंध येतो, नत्राशी पिकांमुळे येतो. मोकळा हायड्रोजन सामान्य माणसाच्या वाट्याला आला तो फुग्यापुरता. या पुस्तकात मी हायड्रोजन हाच शब्द वापरला आहे. मात्र जुन्या परिभाषेतल्या एका शब्दाला दाद द्यायला हवी : कर्बोदके. इंग्रजीत पाण्याचा आणि हायड्रोजनचा निर्देश करणारी उपपदे सारखीच दिसतात, त्यामुळे पिष्ट-साखरेचे नाव आणि खनिज तेलातल्या संयुगांचे नाव एकाच कुळातले वाटते. मराठीने साखरेच्या बाजूला ‘उदक’ आणि तेलाच्या बाजूला ‘हायड्रोकार्बन’ असे शब्द ठेवून दोन्ही वेगळी केली. कर्बोदकांच्या सूत्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यासारखे दोनास एक असते, हे त्या शब्दातूनच कळते.

आता पहिला प्रश्न : कुठला हायड्रोजन? वापरात या शब्दाचे निदान चार अर्थ आहेत.

पहिला अर्थ वायूचा, म्हणजे दोन अणू जोडून बनलेल्या रेणूचा. हा सर्व वायूंत हलका. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि हवेच्या साध्या दाबाला एका किलोला सुमारे ११ घनमीटर जागा लागते. या हलकेपणामुळेच तो आधी आकाशात गेला आणि कारखान्यात नंतर. २७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्लने पॅरिसमधून हायड्रोजन भरलेला पहिला फुगा सोडला. तो गोनेस या गावी उतरला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्यावर हल्ला करून त्याच्या चिंध्या केल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला शार्ल स्वतः अशा फुग्यातून उडाला. दीडशे वर्षांनी, ६ मे १९३७ रोजी, अमेरिकेतल्या लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज उतरता उतरता पेटले आणि ३६ माणसे मेली. न जळणारा हेलियम त्या काळी जवळपास फक्त अमेरिकेकडे होता आणि त्याच्या निर्यातीवर बंधने होती. म्हणून जर्मनांनी हायड्रोजनवर भागवले होते. आपल्याकडच्या जत्रांतही कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांपासून जागच्या जागी हा वायू बनवून फुगे भरले जातात, आणि त्या टाक्यांच्या स्फोटांच्या बातम्या अधूनमधून येतात. ज्वाला जवळजवळ अदृश्य, वास नाही, रेणू इतका लहान की बारीक फटीतूनही निसटतो आणि काही पोलादांत शिरून त्यांना ठिसूळ करतो. या वायूशी काम करणाऱ्याला या गोष्टी पाठ असाव्या लागतात.

दुसरा अर्थ, इलेक्ट्रॉन गमावलेल्या हायड्रोजनचा. मागे उरतो तो नुसता प्रोटॉन, आणि पाण्यात तो पाण्याच्या रेणूलाच चिकटून वावरतो. चिंचेचा आंबटपणा, पोटातले आम्ल, बॅटरीतले आम्ल ही सगळी त्याचीच करणी. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेनने १९०९ मध्ये हे प्रमाण मोजण्याची मोजपट्टी तयार केली. मराठी शेतीत तिलाच सामू म्हणतात. सामू एकाने घटला, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट वाढते. सामू ८.५ असलेल्या चोपण जमिनीत आणि ६.५ च्या जमिनीत त्यामुळे शंभरपटीचे अंतर असते. लोह आणि जस्त जमिनीत असूनही पिकाला का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या अंतरात सापडते.

तिसरा अर्थ, दुसऱ्या अणूला बांधलेल्या हायड्रोजनचा. आपल्या शरीरातल्या दर दहा अणूंपैकी सुमारे सहा हायड्रोजनचे, वजनात मात्र त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. द्रवरूप तेलाच्या रेणूंत निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन बांधला, की तेल गोठून तुपासारखे रवाळ होते. विल्हेल्म नॉरमनने या पद्धतीचे पेटंट १९०२ मध्ये घेतले, आणि १९३७ पासून डालडा भारतीय स्वयंपाकघरात शिरला. डब्यात वायूचा अंशही नसतो. भानगड असते ती अर्धवट हायड्रोजनीकरणात तयार होणाऱ्या ट्रान्स मेदांची, आणि जानेवारी २०२२ पासून भारतात त्यांच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. रुग्णालयातला एमआरआय पाहतो तोही बांधलेलाच हायड्रोजन. पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात जो प्रतिसाद देतात, त्यावरून गुडघ्याचे किंवा मेंदूचे चित्र तयार होते. याच अर्थाला लागून ‘हायड्रोजन बंध’ येतो. एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूकडे ओढला जातो, ती ही दुबळी ओढ. नेहमीच्या रासायनिक बंधापेक्षा ती कितीतरी कमी ताकदीची, पण ती नसती तर बर्फ पाण्यावर तरंगला नसता, खोलीच्या तापमानाला पाणी द्रवरूप राहिले नसते आणि डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना धरून राहिल्या नसत्या.

चौथा अर्थ केंद्रकाचा. इथे रसायनशास्त्र संपून भौतिकी सुरू होते. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करतो. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत, हा निष्कर्ष सेसिलिया पेन या तरुणीने १९२५ च्या आपल्या प्रबंधात काढला. त्यासाठी तिने मेघनाद साहा यांचे आयनीभवनाचे समीकरण वापरले होते. हेन्री नॉरिस रसेल या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाला तो निष्कर्ष पटेना, म्हणून तिने तो खरा नसावा अशी पुस्ती जोडली. १९२९ मध्ये स्वतंत्र मार्गाने रसेल त्याच निष्कर्षावर आला. हॅरोल्ड युरीने १९३१ मध्ये हायड्रोजनचा जड भाऊ ड्युटेरियम शोधला. निसर्गात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे तो एक असतो. १ नोव्हेंबर १९५२ रोजी एनिवेटॉक बेटावर उडवलेल्या पहिल्या हायड्रोजन बॉम्बचे इंधन द्रवरूप ड्युटेरियम होते, आणि ते पेटवायला आधी युरेनियम-प्लुटोनियमचा बॉम्ब फोडावा लागला. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीचा अपघात झाला तर हायड्रोजन बॉम्ब फुटेल का, असे मला व्याख्यानांत विचारले जाते. अर्थांची ही सरमिसळ झाली की असा प्रश्न पडणारच. तसे होणे शक्य नाही. टाकीतला वायू पेटू शकतो, स्फोटही होऊ शकतो, पण केंद्रके जुळायला लागणारे तापमान तिथे स्वप्नातही येत नाही.

या चारांपलीकडे एकटा, मोकळा अणूही असतो, पण तो भेटायला अंतराळात जावे लागते. अशा अणूतला इलेक्ट्रॉन आपल्या फिरकीची दिशा पालटतो, तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर बाहेर पडते. एका अणूला आपण होऊन असे करायला सरासरी एक कोटी वर्षे लागतात. पण अवकाशात अणूच इतके आहेत, की संकेत सतत येत राहतो. हेन्ड्रिक व्हॅन दे हुल्स्टने त्याचे भाकीत १९४४ मध्ये केले, आणि १९५१ मध्ये हॅरोल्ड यूएन व एडवर्ड पर्सेल यांनी तो पकडला. ज्या केंद्रकीय अनुस्पंदनावर एमआरआय उभा आहे, त्याच्या शोधकांपैकी हाच पर्सेल. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. विश्व प्रसरण पावल्यामुळे ताणून लांब झालेल्या या लहरी टिपणे, हा तिचा एक मुख्य हेतू. २०२३ च्या सुरुवातीला तिच्या निरीक्षणांतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या अशा लहरींचा शोध जाहीर झाला.

दुसरा प्रश्न, ‘कुठून आणला?’, सध्याच्या सगळ्या धोरणांचा गाभा आहे. कोळसा खणून काढता येतो. हायड्रोजनच्या खाणी मात्र अपवादानेच सापडतात. आफ्रिकेतल्या माली देशात बुराकेबुगू गावी १९८७ मध्ये पाण्यासाठी विंधनविहीर घेताना जो वायू लागला, तो जवळजवळ शुद्ध हायड्रोजन निघाला आणि पुढे त्यावर गावात वीज तयार केली गेली. अशा नैसर्गिक साठ्यांचा शोध आता जगभर चालू आहे. पण आज वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू किंवा कोळसा यांपासून बनवलेला असतो. वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना साधारण नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कोळशापासून त्याच्या दुप्पट. यालाच अनुक्रमे करडा आणि काळा हायड्रोजन म्हणतात. कार्बन पकडून जमिनीत गाडला तर निळा. सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन केले तर हिरवा. नळीतला वायू यांतल्या प्रत्येक बाबतीत सारखाच बिनरंगी. हा रंग त्याच्या जन्मदाखल्यावर लिहिलेला असतो, आणि दाखला तपासणारी यंत्रणा प्रामाणिक नसेल तर करडा वायू हिरवा म्हणून विकायला काहीच अडचण येत नाही. म्हणून भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली, हे पाऊल महत्त्वाचे : एका किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात दोन किलोंपेक्षा जास्त उत्सर्जन नको. त्याआधी ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाले होते. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन हे त्याचे लक्ष्य. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपले हरित हायड्रोजन धोरण आणले.

हा हायड्रोजन जाणार कुठे? मोटारीपेक्षा आधी खताच्या कारखान्यात. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाउ येथे कारखान्यात, हवेतला नायट्रोजन हायड्रोजनशी जोडून अमोनिया केला. अमोनियाचा पुढे युरिया होतो. ४५ किलोच्या एका गोणीमागे हिशेबाने साडेचार किलो हायड्रोजन लागतो. त्यातला तीन किलो युरियात राहतो, दीड किलो पाणी होऊन निघून जातो. अलिबागजवळ थळ येथे मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर उभा राहिलेला खत कारखाना हेच करतो. त्याच्या शेजारचा जड पाण्याचा कारखाना त्याच वायुप्रवाहातून ड्युटेरियम वेचून काढतो. ते जड पाणी तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसारख्या भट्ट्यांना लागते. एकाच आवारात बांधलेला हायड्रोजन आणि केंद्रकातला हायड्रोजन, दोन्ही अर्थ नांदताना पाहायचे असतील, तर थळ हे उत्तम ठिकाण आहे.

हिरवा मार्ग आपल्याला नवाही नाही. पंजाबातल्या नांगलला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भाक्रा-नांगलच्या जलविजेने पाण्याचे विघटन करून खत बनवले जात होते आणि जोडीला जड पाणीही. तेव्हा कुणी त्याला हिरवे म्हटले नाही. वीज हाताशी होती, एवढेच कारण होते. आजही हिशेब विजेचाच आहे. एक किलो हायड्रोजन करायला नऊ लिटर शुद्ध पाणी आणि साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत ऊर्जा भरते सुमारे ३३ युनिट. तो दाबून टाकीत भरला आणि इंधनघटातून पुन्हा वीज केली, तर मूळ विजेचा साधारण एक तृतीयांश हाती येतो. बॅटरीत याच्या दुपटीहून जास्त परत मिळते. त्यामुळे जिथे तार किंवा बॅटरी पोचते तिथे हायड्रोजनचा हट्ट महागात पडतो. जिथे हायड्रोजन पदार्थ म्हणूनच हवा असतो, म्हणजे खत, तेलशुद्धीकरण, लोहखनिजातून ऑक्सिजन काढून पोलाद करणे, किंवा चांद्रयान-३ नेणाऱ्या अग्निबाणाच्या क्रायोजेनिक टप्प्यासारखे काम, तिथे त्याला सहजासहजी पर्याय नाही. खताच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि आज तो करड्या हायड्रोजनच्या वाटेवरच फुकट मिळतो. हायड्रोजन हिरवा केला की तो वायू दुसरीकडून आणावा लागेल. घोषणांत ही बाब क्वचित येते.

पुस्तकाची मांडणी या क्रमानेच आहे. पहिल्या भागात शोध आणि नाव, दुसऱ्यात चार अर्थांची चार प्रकरणे, तिसऱ्यात आकाशातला हायड्रोजन आणि शेवटच्या भागात उत्पादन, साठवण व किंमत. रसायनशास्त्र विसरलेल्या वाचकाने दुसरा भाग वगळू नये. धोरणावर मत बनवायचे असेल, तर चौथ्या भागातले आकडे हाताने करून पाहावेत, कारण विजेचा दर बदलला की निष्कर्ष बदलतात. हायड्रोजन उद्याचे इंधन आहे की फुगवलेला फुगा, या वादात मी कुठलीच बाजू आगाऊ घेतलेली नाही. पण ज्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत वीज कुठली, पाणी कुठले आणि तयार झालेला वायू कोण विकत घेणार हे तीन रकाने भरलेले नसतील, त्याच्या रंगावर विश्वास ठेवू नये, एवढा आग्रह मात्र मी पानोपानी धरला आहे.